फिलिस श्लाफ्ली : ईआरए अडवणारी बाई

मृद्गंधा (धागाकर्ती)

फिलिस श्लाफ्लीचं नाव निघालं की चर्चा दोन टोकांना जाते. काही जण तिला स्त्रियांची शत्रू म्हणून मोकळे होतात, काही जण घरसंसाराची राखणदार म्हणून तिला डोक्यावर घेतात. तिची राजकीय मतं मला पटत नाहीत, हे आधीच सांगते. पण अमेरिकेच्या घटनेत येऊ घातलेली स्त्री-पुरुष समान हक्कांची दुरुस्ती, ईआरए, या बाईने अडवली कशी, हा प्रश्न मला फार दिवस छळतोय.

परिस्थिती काय होती बघा. कायद्यापुढचे हक्क लिंगाच्या कारणावरून कुणालाही नाकारले जाणार नाहीत, एवढंच सांगणारी घटनादुरुस्ती, म्हणजे ईआरए. मार्च १९७२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ती ८४ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केली. दोन्ही पक्ष बाजूने, अध्यक्ष निक्सन बाजूने. त्याच दिवशी हवाई राज्याने अनुमोदन दिलं आणि वर्षभरात आकडा ३० वर गेला. घटनेत यायला ३८ राज्यं हवी होती. आता उरलंय काय, असंच सगळ्यांना वाटत होतं. गाडी ३५ वर अडली. मुदत १९७९ वरून ३० जून १९८२ पर्यंत वाढवली, तरी तीन राज्यं मिळाली नाहीत ती नाहीतच. उलट मधल्या काळात पाच राज्यांनी दिलेलं अनुमोदन मागे घेतल्याचे ठराव केले.

आता बाईंकडे येऊ. जन्म १९२४, सेंट लुईस. महामंदीत वडिलांची नोकरी गेली आणि आईने आधी शिकवण्या-नोकऱ्या, मग ग्रंथालयातलं काम करून घर ओढलं. फिलिस कॉलेजात होती तेव्हा युद्ध चालू होतं. रात्रपाळीला ती दारूगोळ्याच्या कारखान्यात जायची, तयार काडतुसं रायफलीतून आणि मशीनगनमधून झाडून तपासायची, आणि सकाळी वर्गात बसायची. १९४४ ला पदवी, पुढच्याच वर्षी रॅडक्लिफमधून राज्यशास्त्राची एम.ए. १९४९ मध्ये फ्रेड श्लाफ्ली या वकिलाशी लग्न, मुक्काम इलिनॉयमधलं ऑल्टन, सहा मुलं. सगळ्या मुलांना शाळेत घालण्याआधी तिने स्वतः घरी वाचायला शिकवलं, आणि त्याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता.

पण तिचा मूळ विषय घरसंसार नव्हताच! तिचा विषय होता संरक्षण : क्षेपणास्त्रं, सोव्हिएत युनियन, अण्वस्त्र करार. १९५२ आणि १९७० साली ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीला उभी राहिली, दोन्हीदा पडली. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या गोल्डवॉटरच्या बाजूने एक छोटं पुस्तक स्वतःच छापून लाखांनी खपवलं. १९६७ मध्ये रिपब्लिकन महिला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरली. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. हरल्यावर ती घरी बसली नाही. आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या बायकांचे पत्ते घेऊन तिने चार पानी मासिक पत्रक सुरू केलं. ईआरएचा वाद पेटायच्या पाच वर्षं आधी वाचक, पत्ते, फोन नंबर सगळं तयार होतं.

डिसेंबर १९७१ मध्ये कनेक्टिकटमध्ये तिला भाषणाचं बोलावणं आलं. ती म्हणाली संरक्षणावर बोलते. आयोजकांना हवं होतं ईआरएवर. तोवर तिने त्यात लक्षही घातलं नव्हतं. कागद मागवून वाचले, मत विरोधात गेलं आणि फेब्रुवारी १९७२ चं पत्रक त्याच विषयावर निघालं. थोड्याच दिवसांत ओक्लाहोमातून एका मैत्रिणीचा फोन : तुझं पत्रक दाखवलं आणि आमच्या विधिमंडळाने ठराव पाडला. त्या फोननंतर 'स्टॉप ईआरए' ही संघटना उभी राहिली, पुढे 'ईगल फोरम'.

काम करायची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक राज्यात एक प्रमुख. वर्षातून एकदा सगळ्यांना बोलावून शिकवणी : विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष कशी द्यायची, टीव्हीवर कोणता रंग उठून दिसतो, समोरचा भडकला तरी आपण हसत कसं राहायचं. इलिनॉयमध्ये मतदान आलं की आमदारांच्या टेबलावर घरी भाजलेले पाव आणि घरचा मुरंबा. भाषणाची सुरुवात ठरलेली : "मला येऊ दिल्याबद्दल माझ्या नवऱ्याचे, फ्रेडचे आभार." आणि लगेच सांगायची की स्त्रीमुक्तीवाल्यांना हे वाक्य सर्वात जास्त झोंबतं म्हणून मी ते मुद्दाम म्हणते.

तिच्या मागे उभ्या राहिलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी त्याआधी राजकारणाचा उंबरठाही ओलांडला नव्हता. त्या का आल्या, यावर मला तुमच्याशी बोलायचंय. "भोळ्या होत्या, फसवल्या" हे उत्तर मला पुरत नाही.

अनिकेत_७

लेख चांगला, पण मूळ दुटप्पीपणाला तुम्ही फारच हळुवार हात लावलाय. सहा मुलं घरी, बाई देशभर दौऱ्यावर. वयाच्या ५४ व्या वर्षी, १९७८ मध्ये, म्हणजे लढाई ऐन भरात असताना, वॉशिंग्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेते. पुस्तकं लिहिते, स्तंभ लिहिते, रेडिओवर बोलते. आणि बाकीच्या बायकांना सांगणार काय, तर घर हेच तुमचं खरं करिअर! स्वतः पूर्ण वेळ राजकारण करणाऱ्या व्यक्तीने हे सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

मृद्गंधा

अनिकेत, हा आरोप तिच्यावर तेव्हाही रोज व्हायचा. तिचं उत्तर ठरलेलं होतं : मी नोकरी करत नाही, हा माझा छंद आहे, आणि मुलं लहान होती तेव्हा मी घरीच होते. उत्तर पटो न पटो, तिच्या माणसांवर या आरोपाचा ओरखडाही उठला नाही. मला वाटतं, "घरी बसा" असा आदेश त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांना ऐकू आलं ते "तुम्ही जे करताय ते मोलाचं आहे, आणि ते करतानाही तुम्ही राज्याच्या राजधानीत जाऊन आमदाराला जाब विचारू शकता." ही बाई स्वतःच त्याचा पुरावा होती. तिचं फिरणं त्यांना खटकलं नाही, हुरूप देऊन गेलं.

आणखी एक. १९७३ मध्ये इलिनॉय स्टेट विद्यापीठात स्त्रीमुक्ती चळवळीची नेती बेटी फ्रीडन हिच्याशी तिची जाहीर चर्चा झाली. संतापाच्या भरात फ्रीडन म्हणाली, तुला खांबाला बांधून जाळावंसं वाटतं. श्लाफ्ली शांतपणे म्हणाली, बरं झालं बोललात, ईआरएवाल्यांचा तोल कसा सुटतो हे लोकांना कळलं. फ्रीडनबद्दल मला अपार आदर आहे. पण तो दिवस ती हरली.

सुलभाताई

मी गृहिणी आहे आणि मला श्लाफ्लीबाईंबद्दल मनापासून आदर आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही विचारलंत, त्या बायका का आल्या. सांगते. नोकरी करणारी, शिकलेली, मोकळी बाई म्हणजे पुढे गेलेली, आणि स्वयंपाक-मुलं-आजारपणं बघणारी म्हणजे राहून गेलेली, हा सूर त्या काळच्या चळवळीत होता. सगळ्यांच्या मनात नसेल, पण जो ऐकू येत होता तो हाच. लग्न झाल्यापासून ज्या बाईने घरासाठी हाडाची काडं केली, तिला कुणीतरी येऊन सांगतं की तुझं आयुष्य म्हणजे कैद. तिने काय करावं? श्लाफ्लीबाईंनी तिला मान दिला. नुसता तोंडदेखला नाही. त्यांनी तिला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं, भाषण करायला लावलं, तिच्या हातच्या पावाला राजकारणात किंमत मिळवून दिली.

आणि भीती खरी होती. विसाव्या वर्षी लग्न, पन्नाशीपर्यंत घर. हाताशी पदवी नाही, अनुभव नाही, स्वतःच्या नावावर पैसा नाही. अशा बाईची एकमेव सुरक्षितता म्हणजे नवऱ्याने पोसायची जबाबदारी. उद्या कायदा म्हणाला की दोघं समान, तू तुझं बघ, तर ती कुठे जाणार? या प्रश्नाचं उत्तर श्लाफ्लीबाईंच्या विरोधकांनी नीट दिलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

रानवारा

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद फार आवडला. बाजू पटो न पटो, असं कुणी लिहीत नाही.

नीलाक्षी_न

कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते, थोडं लांबेल.

सुलभाताईंनी मांडलेली भीती शंभर टक्के खरी होती. माझा मुद्दा असा की ज्या भिंतीच्या आधाराने ही बाई उभी होती, ती भिंतच पोकळ होती, आणि श्लाफ्लीने हे तिला सांगितलं नाही.

नवऱ्याने बायकोला पोसलं पाहिजे, असं बहुतेक राज्यांच्या कायद्यात होतं. 'आमच्या सवलती काढून घेऊ नका' या श्लाफ्लीच्या घोषणेचा कणा हाच. पण ही जबाबदारी न्यायालयात वसूल करता यायची का? नेब्रास्काचा १९५३ चा मॅग्वायर खटला वाचा. वयस्क जोडपं, शेतकरी, लग्नाला तीसहून अधिक वर्षं झालेली. नवऱ्याकडे चारशे एकरांच्या आसपास जमीन, शिवाय लाखावर डॉलरचे रोखे. घरात न्हाणीघर नाही, आत संडास नाही, स्वयंपाकघरात सिंक नाही. गाडी १९२९ ची फोर्ड, तिचा हीटर धड चालत नाही. बायको शेतात राबलेली, कोंबड्या पाळून अंड्यांच्या पैशांत घरातलं वाणसामान आणि स्वतःचे कपडे भागवणारी. शेवटी ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : नवरा-बायको एका घरात राहतायत ना, मग घर कसं चालवायचं हा त्यांचा प्रश्न, कोर्ट त्यात पडणार नाही. म्हणजे हक्क वसूल करायचा तर आधी घर सोडा.

हा खटला कायद्याच्या वर्गात अजून शिकवला जातो. १९७८ ची वकील असलेल्या श्लाफ्लीला तो माहीत नसेल, हे मला खरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट. गृहिणीच्या पायाखालची जमीन सरकवली ती ईआरएने नाही. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा झाला, १९७० पासून तो लागू झाला आणि एकेक करत इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. आधी घटस्फोट हवा असलेल्या नवऱ्याला बायकोशी काहीतरी तडजोड करावी लागायची, कारण तिच्या संमतीशिवाय गाडी पुढे सरकत नसे. ते हत्यार तिच्या हातून गेलं. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, ज्यांना अध्यक्ष करायला पुढे श्लाफ्लीच्याच बायका राबल्या.

तिसरी. ईआरए पडूनही न्यायालयांनी पुष्कळ काम केलंच. पोटगी फक्त नवऱ्यानेच द्यायची, हा अलाबामाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ऑर खटल्यात रद्द केला. सक्तीच्या लष्करभरतीची नोंदणी फक्त पुरुषांची, हे मात्र १९८१ मध्ये रॉस्टकर खटल्यात कायम ठेवलं. श्लाफ्लीच्या प्रचारातल्या दोन मोठ्या भीतींपैकी पोटगीची ईआरएशिवायच खरी झाली. लष्करभरतीचा मुद्दा मात्र खोटा म्हणता येणार नाही, दुरुस्ती आली असती तर तो निकाल बहुधा वेगळा लागला असता.

सुलभाताई

नीलाक्षी, मॅग्वायर खटला मला माहीत नव्हता. वाचून वाईट वाटलं. पण मग मला सांग, त्या बाईला ईआरएने न्हाणीघर मिळालं असतं का? आणि बिनदोष घटस्फोटाविरुद्ध स्त्रीवादी संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या होत्या का?

नीलाक्षी_न

ताई, पहिल्याचं उत्तर : ईआरएने थेट नाही मिळालं असतं. दुसऱ्याचं : सुरुवातीला नाही, आणि ती मोठी चूक होती. तुमचा दुसरा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे, त्याकडे परत येते.

दर्यावर्दी

१९७७ चं ह्यूस्टन राहिलं. तिथे सगळं एका शहरात, एका शनिवार-रविवारात दिसतं.

नोव्हेंबर १९७७. काँग्रेसने पन्नास लाख डॉलर मंजूर केलेलं राष्ट्रीय महिला संमेलन. सुमारे दोन हजार प्रतिनिधी, व्यासपीठावर रोझलिन कार्टर, बेटी फोर्ड, लेडी बर्ड जॉन्सन, तीन अध्यक्षांच्या पत्नी. ईआरए, गर्भपात, समलैंगिक स्त्रियांचे हक्क, सगळ्यांवर ठराव. आणि त्याच शहरात दुसऱ्या टोकाला, ॲस्ट्रो अरीनामध्ये, टेक्ससच्या लॉटी बेथ हॉब्जने भरवलेली विरोधी सभा, श्लाफ्ली प्रमुख वक्ती. पंधरा हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बसगाड्या भरभरून आलेली, पदरचे पैसे घालून.

श्लाफ्ली कॅथलिक, हॉब्ज चर्च ऑफ ख्राइस्टची. त्यांच्या सोबत बॅप्टिस्ट, मॉर्मन, सनातनी ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या प्रार्थनास्थळात पाय न ठेवणारी ही माणसं 'कुटुंब' या एका शब्दाखाली एकत्र बसली. रिपब्लिकन पक्ष १९४० पासून आपल्या जाहीरनाम्यात ईआरएला पाठिंबा देत आला होता. १९८० मध्ये तो काढला गेला. पक्षाचा चेहरा बदलला तो इथून. माझ्या लेखी ईआरए अडवण्यापेक्षा हे तिचं मोठं आणि टिकलेलं काम, आणि मला ते देशासाठी घातक वाटतं. त्यानंतर 'कुटुंब' म्हणजे अमुकच, हे ठरवायचा मक्ता एका पक्षाकडे गेला.

अनिकेत_७

इलिनॉयबद्दल कुणी लिहील का? तिचं स्वतःचं राज्य, उत्तरेकडचं, औद्योगिक. तिथेही नाही?

दर्यावर्दी

लिहितो. दक्षिणेतली बहुतेक राज्यं अडणार, हे सगळे धरून चालले होते. इलिनॉय हे खरं रणांगण. तिथल्या विधिमंडळात घटनादुरुस्तीला साधं बहुमत पुरत नसे, तीन-पंचमांश लागत. या अटीला आव्हान दिलं गेलं. १९७५ मध्ये निकाल लिहिणारे न्यायाधीश जॉन पॉल स्टीव्हन्स (तेच, जे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले) म्हणाले की अट किती ठेवायची, ते विधिमंडळाने ठरवावं. विधिमंडळाने ती बदलली नाही. म्हणून बहुमत मिळूनही ठराव पडत राहिला. जून १९८२ मध्ये शेवटच्या आठवड्यांत स्प्रिंगफील्डच्या विधानभवनात काही बायका उपोषणाला बसल्या, काहींनी सिनेटच्या दाराशी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. तरी नाही.

म्हणून "जनतेने नाकारलं" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. श्लाफ्लीला बहुमत लागतच नव्हतं. १३ राज्यं रोखली की काम फत्ते, आणि त्या राज्यांतही नेमके कोणते आमदार डळमळीत आहेत तेवढंच बघायचं. हे गणित तिला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. समोरच्यांनी १९७३ पर्यंत राज्यपातळीवर धड यंत्रणाही उभी केली नव्हती.

रानवारा

शेवटच्या वर्षांबद्दल थोडं. १९९२ मध्ये तिचा मोठा मुलगा समलैंगिक असल्याचं एका नियतकालिकाने त्याला न विचारता जाहीर केलं. त्याने ते नाकारलं नाही, आईची बाजूही सोडली नाही, तिच्या संघटनेचं काम करत राहिला. तिने मुलाला अंतर दिलं नाही, आणि समलैंगिक विवाहाला विरोधही सोडला नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण मत एकीकडे आणि पोटचं पोर एकीकडे, अशी घरं मी पाहिलीत. या एका बाबतीत मला तिच्याबद्दल कणव वाटते. जाहीर करणाऱ्यांनी त्या मुलाच्या खासगीपणाची पर्वा केली नाही, याचा रागही येतो.

२००८ मध्ये तिच्याच विद्यापीठाने मानद पदवी दिली तेव्हा बरेच विद्यार्थी आणि काही प्राध्यापक पाठ फिरवून उभे राहिले. २०१६ मध्ये तिने ट्रंपना पाठिंबा दिला आणि त्यावरून ईगल फोरममध्ये उभी फूट पडली. विरोधी गटात तिची सख्खी मुलगी होती. ५ सप्टेंबर २०१६ ला ती गेली, वय ९२. सेंट लुईसच्या कॅथेड्रलमधल्या अंत्यविधीला ट्रंप बोलले.

ईआरए मात्र मेली नाही. नेवाडाने २०१७ मध्ये, इलिनॉयने २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२० मध्ये अनुमोदन दिलं. आकडा ३८ झाला, पण मुदत केव्हाच उलटून गेल्यामुळे भांडण कोर्टात आणि काँग्रेसमध्ये अडकून पडलं.

मृद्गंधा

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला. सुलभाताई आणि नीलाक्षी, तुमच्या दोघींच्या बोलण्यातून मला माझं उत्तर मिळालं असं वाटतं : भीती श्लाफ्लीने अचूक ओळखली, कारण चुकीचं दाखवलं. आणि समोरच्यांना कारण कळत होतं तेव्हा भीती ऐकू येत नव्हती. नीलाक्षी, ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलंय.

नीलाक्षी_न

हो, तेच लिहायला आले.

ताई, संघटना सुरुवातीला गप्प होत्या, पण काही जणी नव्हत्या. टिश सॉमर्स नावाची कॅलिफोर्नियातली कार्यकर्ती, स्वतः मध्यम वयात घटस्फोट झालेली. लॉरी शील्ड्स, नवरा गेल्यावर काम शोधताना दारोदार नकार ऐकलेली. या दोघींनी विधवा आणि घटस्फोटित गृहिणींसाठी मोहीम उघडली, आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात तशा बायकांना प्रशिक्षण आणि कामाचा सल्ला देणाऱ्या केंद्राचा कायदा झाला. मग इतर राज्यांत पसरला, १९७८ मध्ये केंद्र सरकारच्या रोजगार कायद्यातही आला. दर्यावर्दींनी लिहिलेल्या ह्यूस्टनच्या संमेलनात गृहिणींसाठी स्वतंत्र ठराव होता : लग्न ही कायद्याने भागीदारी मानावी, घरकामाचं मोल संपत्तीच्या वाटणीत धरावं. बातम्यांत तो कुठल्या कुठे हरवला, कारण कॅमेरे गर्भपात आणि समलैंगिकतेच्या ठरावांवर होते.

आणि सगळ्यात जास्त बायकांच्या पदरात पडलेली गोष्ट वेगळीच आहे. सोशल सिक्युरिटीत, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेत, घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या नोंदीवर निवृत्तिवेतन मिळायचं, पण लग्न निदान २० वर्षं टिकलेलं असेल तरच. लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याने सोडलं तर हाती शून्य. १९७७ च्या दुरुस्तीने ही अट १० वर्षांवर आणली. त्यासाठी बेला ॲब्झग या स्त्रीवादी खासदार आधीपासून भांडत होत्या. दुसरं लग्न केलेलं नसेल, तर पूर्ण निवृत्तिवयाला नवऱ्याच्या मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत रक्कम तिला स्वतःच्या नावाने मिळते, त्याची परवानगी लागत नाही, त्याचा हप्ताही कमी होत नाही. तो नियम आजही चालू आहे.

सुलभाताई

हे मला खरंच माहीत नव्हतं. टिश सॉमर्सवर वेगळा धागा काढशील का? मी वाचेन, आणि भांडेनही.